टेपचा तुटलेला मीटर

१

बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आरेखकाने नियोजन कक्षातले लोखंडी कपाट उघडले, तेव्हा मैदानाची फाइल जिथे असायला हवी होती तिथे धूळ नसलेला एक स्वच्छ आयत होता. बाकी काही नव्हते.

त्याने वरखालचे गठ्ठे उपसले. गटारांचा आराखडा, मंडईच्या छपराची दुरुस्ती, सार्वजनिक घड्याळाचा पत्रव्यवहार, सगळे आपापल्या जागी निवांत पडून होते. ज्यांची कुणालाच घाई नसते अशा फायली कधी हरवत नाहीत. कुलूप शाबूत होते, कडी शाबूत होती, आणि कपाटाचे दार नेहमीप्रमाणे उचलून धरल्याशिवाय लागत नव्हते, तेही नीट लावलेले होते.

कचेरीत त्याला सगळे रेघोबा म्हणत. सडपातळ अंगकाठी, कमी बोलणे आणि दिवसभर रेघा ओढण्याचे काम, एवढ्या भांडवलावर हे नाव पडले होते. तीन वर्षांत त्याने ते एकच मैदान चार वेळा काढले होते. पहिल्या वर्षी प्रस्ताव तयार झाला आणि योजनेचे नाव बदलले. दुसऱ्या वर्षी अनुदान मंडळाला नकाशा दुप्पट आकाराच्या कागदावर हवा झाला. तिसऱ्या वर्षी सगळे जुळले, तर मंडळच नव्हते; ते विसर्जित होऊन पुन्हा स्थापन व्हायचे होते. दर वेळी त्याने नव्या ट्रेसिंग कागदावर तोच तलाव, तीच झाडे, तेच पाळणे नव्याने काढले. बदलला नव्हता तो फक्त मोजणी-तक्ता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने स्वतः मैदान मोजून तो भरला होता, दोन्ही बाजूंच्या जागामालकांनी त्यावर सह्या केल्या होत्या, आणि ती मूळ प्रत एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत अशी चालत आली होती.

"किल्ल्या किती?" मुख्याधिकारी बाईंनी चष्मा न काढता विचारले.

"दोन. एक माझ्याकडे. दुसरी नानांच्या खणात."

नाना म्हणजे हेडक्लार्क. निवृत्तीला आठ महिने राहिलेला, डोक्यावर चार केस आणि जिभेवर चारशे कलमे असलेला माणूस. "किल्ली आहे ना हो तुमच्याकडे?" असे बाईंनी विचारताच तो दारातूनच म्हणाला, "आहे."

"खणाला कुलूप असतं?"

"खण पूर्ण बंदच होत नाही, बाई. कुलूप कशाला लावायचं?"

"म्हणजे कुणीही घेऊ शकतं." बाईंनी कागद बाजूला सारले. "हे बघ. शुक्रवारी पाचला मंडळाची खिडकी बंद होते. तोवर प्रस्ताव गेला नाही, तर सोमवारच्या सभेत ती जागा दुकानांच्या गाळ्यांसाठी देण्याचा ठराव येतोय, आणि तो मंजूर होणार. मी थांबवू शकत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत फाइल माझ्या टेबलावर हवी. नाहीतर तुझ्यावर मेमो. किल्ली तुझ्याकडे होती."

आरेखक 'बरं' म्हणाला. त्याला म्हणायचे पुष्कळ होते, पण ओठांपर्यंत तेवढेच आले.

गावात दुसरी मोकळी जागा उरलेली नव्हती. पाण्याच्या टाकीमागे, जुना लाकूडबाजार उठून गेल्यावर पडून राहिलेले ते एकच मैदान. त्याच्या नकाशात कडेकडेने एक सपाट पायवाट होती, एका बाजूला हाताला धरायला कठडा असलेली. ती कुणासाठी काढली हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. त्याचे वडील सरकारी मोजणीदार होते. आयुष्यभर शेते आणि माळ पायांखाली घातलेला माणूस. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हापासून ते काठी टेकत घराच्या गॅलरीत अकरा पावले जात आणि अकरा पावले येत. बाहेरच्या रस्त्याला पदपथ नव्हता.

२

अभियंत्यांच्या खोलीत गाळ्यांचा नकाशा भिंतीवर आधीच लागला होता, रंगीत, दुकानांच्या काचांत आभाळ दाखवलेला.

"माझ्यावर संशय?" अभियंता हसला. "अरे रेघोबा, मी फाइल चोरीन कशाला? तिच्यावर 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द लिहिले की ती सहा महिने झोपते. एकदम कायदेशीर झोप."

"पण या वेळी तुम्ही ते लिहिलं नाहीत."

"कारण बाईंनी माझ्या हातात दिलीच नाही ती! काल दुपारी तीनपासून सात वाजेपर्यंत मी त्यांच्यासमोरच बसलो होतो, पाणीपट्टीच्या बैठकीत. विचार त्यांना. दोनदा जांभई दिली, दोन्ही वेळा रागावल्या." मग तो खुर्चीत पुढे झुकला. "खरं सांगू? मला तुझ्या तलावाचा राग नाही. पण मैदान भाडं देतं का? गाळे देतात. आणि हट्ट तरी किती! मंडळाच्या पुस्तिकेत 'ब' गट आहे, छोटी मोकळी जागा, बाकं आणि पायवाट, रुंदीची अटसुद्धा नाही. तो कुणाला चालत नाही. सगळ्यांना 'अ' गट हवा. तलाव हवा, प्रेक्षागार हवं, कोनशिला हवी!"

ते खरे होते, म्हणूनच त्याला अधिक चीड आली. 'अ' गटाची मुख्य अट अशी होती की मैदानाची रुंदी किमान ब्याण्णव मीटर हवी. त्याच्या तक्त्यात ती चौऱ्याण्णव होती. अटीच्या खाली बारीक अक्षरात छापले होते की मंडळाचे लोक येऊन स्वतःच्या यंत्राने जागा तपासतील आणि मोजणी चुकीची आढळल्यास त्या नगरपालिकेला पाच वर्षे काहीही मिळणार नाही, शिवाय मोजणाऱ्यावर कारवाई होईल. ते बारीक अक्षर त्याने दर वर्षी निश्चिंत मनाने वाचले होते.

बाहेर व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या मावशी त्याचीच वाट पाहत होत्या.

"तुम्हा लोकांना शिस्त म्हणून नाही," त्यांनी तोंडाची तोफ सुरू केली. "सकाळी ही एवढी माती झाडली कपाटासमोरची. तपकिरी, भुशाची. वखारीतून आल्यासारखी."

"माती? कपाटासमोर?"

"नाहीतर काय माझ्या घरून आणली? आणि तुमची ती टेप. ती रोज खुंटीवर कशी असते? मेलेल्या सापासारखी लोंबत. आज बघा जाऊन. कुणीतरी पुसून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून ठेवलीय. माझ्या हयातीत तिला कुणी पुसलेलं नाही."

त्याने जाऊन पाहिले. तीस मीटरची ती जुनी टेप खरोखरच एका आड एक फासे टाकून, आठाच्या आकारात नीट बांधलेली होती. तिचा पहिला मीटर सहा वर्षांपूर्वी रोड रोलरखाली जाऊन तुटला होता, टोकाच्या कडीसकट. नव्या टेपची मागणी नानांनी त्याच आठवड्यात लिहिली होती. तिला आजवर सात स्मरणपत्रे जोडली गेली होती. तोवर कचेरीने आपला रिवाज पाडून घेतला होता: मोजताना 'एक'च्या खुणेपासून धरायचे आणि एक मीटर वजा करायचा. नवीन माणसाला रुजू झाल्या दिवशी हजेरीपटासोबत हेही सांगत.

म्हणजे काल संध्याकाळी कुणीतरी ही टेप घेऊन मैदानावर गेले होते. मैदानाचीच माती तपकिरी होती. लाकूडबाजाराचा भुसा तीस वर्षे तिच्यात मुरला होता. पण ज्याला फाइल नाहीशी करायची आहे, त्याने आधी मैदान मोजायला का जावे?

३

क्रीडाशिक्षक नगरपालिकेच्या वाचन-टेबलाशी रोज अकराला येत. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. गेल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांदेखत नकाशावर बोट आपटून म्हटले होते, "हा तलाव माझी शंभर मीटरची सरळ धाव कापतोय. फाडून टाकीन हा कागद!"

"मास्तर, फाइल गेलीय," आरेखक हळू आवाजात म्हणाला.

"कळलं. आणि तुला वाटतंय मी नेली." मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मी नेली असती तर तुझ्यासमोर नेली असती, आणि शिट्टी वाजवून. मूर्खा, तलावासकट का होईना, पण मैदान होतंय ना? माझी पोरं रस्त्यावर धावतात, ट्रकच्या मागे. मी कशाला मोडीन?"

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"टाकीच्या रस्त्यावर. पोरांना पळवत होतो. आणि ऐक, मैदानात दोन माणसं दिसली मला. मला वाटलं मंडळाचेच लोक आले तपासायला. एक लगबगीनं पुढं जायचा, वाकायचा, मागे ओरडायचा. दुसरा नुसता उभा. खांबासारखा. पुढचा थांबला की मग हा सावकाश, फार सावकाश, त्याच्यापर्यंत यायचा आणि पुन्हा खांब."

"चेहरे?"

"या वयात मला चेंडू दिसत नाही, चेहरे कुठले?"

दुपारी टेप खांद्यावर टाकून तो मैदानावर गेला. टाकी दररोज भरून वाहते, आणि दररोज तिची तक्रार लिहिली जाते, त्यामुळे टाकीमागची जमीन बारमाही ओलसर असते. त्या मऊ तपकिरी जमिनीत त्याला एक गोल खूण दिसली. अंगठ्याने दाबल्यासारखी, बोटभर खोल, आणि तिच्या तळाशी झिजलेल्या पाच टोकांची एक चांदणी.

ती एकटी नव्हती. पहिली पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. तिथून नाकासमोर पूर्वेकडे एकोणचाळीस पावलांवर दुसरी. पुढे पुन्हा एकोणचाळीस पावलांवर तिसरी, आणि तेवढ्याच अंतरावर चौथी. चौथीपासून पूर्वेची भिंत जेमतेम साडेपाच पावले. कुणीतरी मैदानाची रुंदी मोजली होती, फार शिस्तीने.

त्याला तेच अंतर टेपने पाहायचे होते. धड टेप असती तर टोकाची कडी खुंटीत अडकवून एकट्यानेही मोजता आले असते. पण या टेपला कडीच नव्हती. त्याने टोकावर दगड ठेवला. टेप ताणताच ती दगडाखालून सुटली. मोठा दगड ठेवला, पुन्हा सुटली. तिसऱ्या खेपेला ती सुटून त्याच्या विजारीवर चिखल उडवत आली, आणि तीन वर्षांत एकदाही आवाज न चढवलेला तो माणूस त्या ओसाड जागेत मोठ्याने ओरडला, "अरे, एक टेप! एक टेप घेता येत नाही या गावाला!"

टाकीवरचे कबुतर उडाले, एवढाच त्याचा परिणाम झाला.

चिखल पुसताना मात्र एक गोष्ट त्याच्या मनात स्पष्ट झाली. या टेपने एकटा माणूस मोजूच शकत नाही. मास्तरांनी दोघांना पाहिले होते ते बरोबर होते. एक पुढे जाणारा, आणि दुसरा टोक धरून उभा राहणारा, ज्याला उभे राहता येत होते पण भराभर चालता येत नव्हते.

४

घरी पोहोचला तेव्हा सहा वाजत होते. ताई नुकतीच लादी पुसून सासरी परतली होती. आठवड्यातून दोनदा ती बापाच्या घराकडे लक्ष द्यायला येई आणि भावाला टोमणे मारून जाई. टेबलावर तिची चिठ्ठी होती: 'भाजी झाकून ठेवली आहे. बाबांचे बूट एवढे कशाने माखले ते विचार. मी विचारलं तर रेडिओ मोठा केला.'

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

बाबा गॅलरीत फेऱ्या घालत होते. काठी, पाय, मग दुसरा ओढत आणलेला पाय. "...नऊ, दहा, अकरा." वळले. "आलास? उशीर केलास."

"काम होतं."

"फाइल सापडली?"

तो पायरीवरच थबकला. फाइल हरवल्याचे त्याने घरी कळवले नव्हते.

त्याची नजर खाली गेली. ओल्या लादीवर, बाबांच्या उजव्या पायाच्या बाजूने, काठीच्या रबरी टोपणाचे ठसे एका मागे एक उमटले होते. प्रत्येक ठशाच्या मधोमध झिजलेल्या पाच टोकांची चांदणी होती. कोपऱ्यात रेडिओची वायर बाबांच्या जुन्या सवयीने बांधलेली होती. एका आड एक फासे. आठाचा आकडा. जन्मभर मोजणीच्या साखळ्या आणि टेपा ज्या हातांनी गुंडाळल्या, ते हात दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने काही गुंडाळूच शकत नव्हते.

त्याला वाटले, आपण आता काहीच विचारू नये. न विचारता भाजी वाढून घ्यावी.

"बाबा, काल तुम्ही मैदानावर गेला होतात."

काठी थांबली.

"दीड वर्षात तुम्ही फाटकाबाहेर पडला नाहीत. मी म्हटलं तर 'पाय उचलत नाही' म्हणता. आणि काल चार वेळा टेपचं टोक धरून उभे राहिलात."

बाबा खुर्चीत बसले. झटक्यानंतर त्यांचे शब्द एकेक करून, जणू जिना उतरत येत. "रविवारी... तू नकाशा आणलास घरी. रंग भरायला. मी पाहिला. रुंदी चौऱ्याण्णव."

"हो."

"लाकूडबाजार होता तेव्हा... ते मैदान मी मोजलंय. दोनदा. एक्याण्णव."

गॅलरीत ऊन उतरत चालले होते. तो खाली बसला आणि खिशातून कागद काढला. तीन पूर्ण टेपा, आणि चौथ्यांदा थोडी. त्या दिवशी त्याने काय केले होते? तीस, तीस, तीस, आणि पाच. बेरीज पंच्याण्णव. 'एक मीटर वजा करायचा,' असे सांगितले होते. त्याने बेरजेतून एक वजा केला. चौऱ्याण्णव. किती आज्ञाधारकपणे!

पण टेप चार वेळा टाकली होती. तुटलेला मीटर चारही वेळा तुटलेला होता. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस आणि चार. म्हणजे सत्त्याऐंशी आणि चार.

एक्याण्णव. अटीपेक्षा एक मीटर कमी.

दिवसभर तो ज्या गुन्हेगाराच्या मागे होता, त्याची सही त्या तक्त्याच्या तळाशी स्वच्छ, वळणदार अक्षरात होती, आणि ती त्याचीच होती.

५

गुरुवारी सकाळी तो कचेरीत न जाता नानांच्या घरी गेला. नाना अंगणात सायकल धूत होते. चाकांवरून तपकिरी पाणी ओघळत होते.

"फाइल द्या, नाना."

"कसली फाइल?" नानांनी फडका पिळला. "फाइलीला पाय नसतात, रेघोबा. तिला शेरे असतात. कुणाच्या तरी शेऱ्यात अडकली असेल."

"बाबांना कचेरीचे दोन जिने चढता येत नाहीत. म्हणजे टेप आणणारा आणि परत ठेवणारा दुसरा कुणीतरी होता. ज्याला कपाटाचं दार उचलून लावता येतं आणि ज्याच्याकडे किल्ली आहे. काल बाईंनी किल्लीचं विचारलं तेव्हा तुम्ही दारातूनच 'आहे' म्हणालात. खण उघडून बघितलासुद्धा नाहीत. अख्ख्या कचेरीत फाइल हरवलेली, आणि आपली किल्ली चोरीला गेली का हे बघावंसंही वाटलं नाही, असा माणूस एकच."

नानांनी फडका सायकलवर टाकला. "बापावर गेलास," ते म्हणाले. "तोही असाच. शाळेत भिंतीला टेकलेला असायचा आणि सगळं मोजत असायचा."

"का केलंत?"

"फोन आला त्याचा रविवारी. आधी मला वाटलं, आजारपणानं डोकं फिरलं. म्हटलं, मोजून दाखव. मग सायकलवर मागे बसवून नेला. आठ-दहा वेळा थांबलो. तू विचारूच नको. एक्याण्णव निघाले तेव्हा दोघंही तिथंच बसलो, चिखलात." त्यांनी पुन्हा फडका उचलला. "प्रस्ताव गेला असता तर मंडळानं यंत्र लावलं असतं. पाच वर्षं गाव काळ्या यादीत, आणि तुझी नोकरी गेली असती. तुझा बाप म्हणाला, त्याची ती पहिलीच सही आहे रे."

"म्हणून फाइल उचललीत."

"हरवलेल्या फाइलीला कुणी वाली नसतो. चौकशी होते, सगळ्यांवर थोडी थोडी धूळ बसते, संपतं. चुकलेल्या आकड्याखाली मात्र नाव असतं. म्हटलं, मुदत टळेल, पुढच्या वर्षी नव्यानं मोजू."

"पुढच्या वर्षी तिथे गाळे असतील! सोमवारी ठराव आहे!"

"ते मला काल बाईंच्या दारात कळलं." नानांचा आवाज पडला. "रात्रभर डोळा नाही लागला. द्यावी तर तू जातोस. न द्यावी तर मैदान जातं."

आरेखकाला अचानक सगळ्यांचाच राग आला. तीन वर्षे योजनेची नावे बदलणाऱ्यांचा, सात स्मरणपत्रांवर बसून राहिलेल्यांचा, आणि त्याला न विचारता त्याला वाचवणाऱ्या या दोन म्हाताऱ्यांचाही. "तुम्ही मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "नुसतं सांगायचं होतं. चूक माझी होती."

"चूक तुझी?" नाना एकदम उसळले. "तुला रुजू झाल्या दिवशी 'एक मीटर वजा कर' असं कोण म्हणालं? मी! 'दर वेळी' हे दोन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत. मला घाई होती. मी चौथं की कितवं ते स्मरणपत्र टाइप करत होतो."

मग नाना आत गेले आणि कपड्यांच्या घडीखालून ती फुगलेली, लाल फितीची फाइल घेऊन आले.

"बाईंना काय सांगणार?"

"खरं," आरेखक म्हणाला. "आणि 'ब' गटाचा फॉर्म मागणार."

६

मुख्याधिकारी बाईंनी सगळे ऐकून घेतले. नंतर बराच वेळ पेनाचे टोपण लावले, काढले, लावले.

"म्हणजे तलाव नाही."

"नाही."

"प्रेक्षागार नाही. नगराध्यक्षांची कोनशिला नाही. पैसे चौथा हिस्सा."

"पण जागा मैदान म्हणून राहते, बाई. अनुदानाचा प्रस्ताव दाखल असेपर्यंत सभेला दुसरा ठराव करता येत नाही."

"ते मला माहीत आहे. नियम मीच वाचते इथे." त्यांनी मेमोचा कागद पुढे ओढला. "चुकीच्या मोजणीबद्दल तुला मेमो मिळणार. आणि नाना, तुम्हाला त्याहून मोठा."

"आठ महिने राहिलेत माझे," नाना म्हणाले. "घडी करून नेईन."

"मोजणी नव्यानं करा. आज. दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या. आणि या वेळी बेरीज मला दाखवा."

दुपारी नानांच्या सायकलवर मागे बसून बाबा मैदानावर आले. टेपचे टोक दुसऱ्या कुणाला धरू द्यायला ते तयार नव्हते. पश्चिमेच्या भिंतीशी काठी रोवून ते उभे राहिले, 'एक'च्या खुणेवर अंगठा दाबून. मुलगा टेप ताणत पूर्वेकडे गेला.

"तीस!" तो ओरडला.

"एक वजा!" बाबांचा अडखळता आवाज मागून आला.

मग ते निघाले. काठी, पाय, ओढलेला पाय. मुलगा तिकडे खुणेपाशी वाट पाहत राहिला. घरच्या गॅलरीत अकरा पावलांनी भिंत येत असे. इथे अकरानंतर बारावे पाऊल होते, त्यापुढे तेरावे. धाप लागली की ते थांबत आणि टाकीकडे बघितल्याचे सोंग करत. चार वेळा टेप पडली, चार वेळा एक वजा झाला. मास्तर रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. तलाव गेल्याचे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे माझी सरळ धाव वाचली," पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. पोहायला त्यांनाही शिकवायचे होते.

उरलेला दिवस आणि शुक्रवारची सकाळ त्याने ट्रेसिंगवर घालवली. नवा कागद काढायला वेळ नव्हता. त्याने ब्लेड आडवे धरले आणि तलाव खरवडला. पाण्याच्या बारीक रेषा, पायऱ्या, उडी मारायची फळी. शाई निघाली, तरी कागद तिथे थोडा पांढुरका, खरबरीत राहिला. उजेडाकडे धरले तर तलावाची कड अजून दिसत होती.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मंडळाच्या खिडकीतल्या माणसाने न बघता पोचपावतीवर शिक्का मारला. "'ब' गट? यंदा 'ब' गटाला फार कमी आलेत," एवढेच तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

परत आला तेव्हा नाना टाइपरायटरपाशी होते. यंत्रात नव्या टेपच्या मागणीचे आठवे स्मरणपत्र होते. जुनी टेप खुंटीवर होती, आठाच्या आकारात.

घरी बाबा गॅलरीत बसले होते, पाय पाटावर, पोटऱ्यांना तेल लावून. कालच्या चालण्याने अंग ठणकत होते.

"गेला प्रस्ताव?"

"गेला. मंजुरीचं सांगता येत नाही. पायवाट ठेवलीय. कठड्यासकट."

"एक फेरी किती?"

"तीनशे वीस मीटर."

"मोजलंस?"

"मोजलं. बारा वेळा टेप पडली. बारा वेळा एक वजा."

बाबांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत हिशेब केला, अकरा एकोणतीस, त्यावर उरलेला एक. मग काठीकडे हात केला.

"रविवारी," ते म्हणाले, "पुन्हा मोजून बघू."